विनामूल्य सेवेचे मूल्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक संमेलनात चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपणा सर्वांचा ऋणी आहे. अशा प्रसंगी ज्ञातीच्या पूर्वेतिहासाचे स्मरण करावे, अथवा पारितोषिके मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांना हितोपदेश करावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. पूर्वेतिहास माझ्याहून अधिक जाणणारी मंडळी समोर बसली आहेत आणि आजच्या विद्यार्थ्यांना उपदेशाची टंचाई नाही. म्हणून चिटणीसांच्या संमतीने मी निराळा विषय घेतला आहे.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव यावयाचा आहे. आपल्या मंडळाची कुटुंबसूची, वधूवर नोंदवही आणि शिष्यवृत्तीचे अर्ज हे सर्व एका मोबाइल ॲपवर चढवावे, असा तो ठराव आहे. एका कंपनीने हे ॲप आपणास एक पैसाही न घेता करून देण्याची तयारी दर्शविली आहे. ठराव मांडणाऱ्या तरुण सभासदांच्या हेतूविषयी माझ्या मनात यत्किंचितही शंका नाही. छपाईचा खर्च वाढला आहे, सूची छापून होते न होते तोच निम्मे पत्ते बदललेले असतात आणि परगावच्या कुटुंबांना ती पोचतही नाही, ही त्यांची तक्रार अगदी रास्त आहे. तथापि 'एक पैसाही न घेता' या शब्दांपाशी मी थबकलो. आयुष्याची तेहतीस वर्षे मी टेलिफोन खात्यात काढली आहेत. तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काय काय घडते, हे थोडेफार पाहिले आहे. त्या अनुभवावर आधारलेले माझे वैयक्तिक मत आज आपणापुढे ठेवतो. ते मंडळाचे मत समजू नये, ही विनंती.

प्रथम एक जुनी हकिगत सांगतो. टेलिफोनच्या आरंभीच्या काळात प्रत्येक फोन जोडून देण्यास केंद्रावर एक माणूस बसलेला असे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहरी आल्मन स्ट्रोजर नावाचे एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करीत. आपल्या धंद्यातील प्रतिस्पर्ध्याशी लागेबांधे असलेली व्यक्ती केंद्रावर बसली असून आपल्यासाठी आलेले फोन ती तिकडे वळविते, असा त्यांना संशय आला, असे सांगतात. तक्रारी करीत बसण्याऐवजी त्यांनी माणसावाचून फोन जोडणारे यंत्रच शोधून काढले. १८९१ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले आणि पुढे जगभर, आपल्या देशातही, कित्येक वर्षे त्याच पद्धतीची टेलिफोन केंद्रे चालू होती. मी खात्यात उमेदवारी केली ती याच यंत्रांवर. त्यांच्या खटखटाटाने सारी खोली भरून जात असे. पण ते यंत्र एका बाबतीत निःपक्षपाती होते. फिरविलेला क्रमांक कोणाचा आहे, तो श्रीमंत की गरीब, हे ते विचारीत नसे. जो आकडा फिरवाल तेथे ते जोडून देई.

दळणवळणाच्या साऱ्या धंद्याचे मर्म या हकिगतीत आहे. दोन माणसांच्या मध्ये जो बसतो, त्याच्या हाती मोठी सत्ता असते. म्हणून त्याने आपपरभाव करू नये, असा दंडक लोकांनी निरनिराळ्या काळी घालून दिला. आपल्या देशात १८५४ साली टपालाची जी पद्धत आली, तीत पत्राचा दर वजनावर ठरू लागला. पत्र किती दूर जाते यावर नव्हे. कोकणातील म्हातारीने मुंबईतल्या गिरणीकामगार मुलास पाठविलेले कार्ड आणि बड्या पेढीने पाठविलेले कार्ड, दोन्ही एकाच थैलीतून जात आणि एकाच दराने जात. आत काय लिहिले आहे, यावर पोस्टमनने दर ठरवावयाचा नसतो. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली की, तिच्यात काही विशेष आहे असे आपणास वाटेनासे झाले.

आता अलीकडचा इतिहास पाहू. इंटरनेट हेही एक टपालखातेच आहे. फरक एवढाच की, येथे थैल्या खासगी कंपन्यांच्या आहेत. या थैल्यांतून जाणाऱ्या सर्व मजकुरास सारखीच वागणूक मिळावी, या तत्त्वाला टिम वू या कायद्याच्या प्राध्यापकांनी २००३ साली 'नेट न्यूट्रॅलिटी' असे नाव दिले. आपण त्यास 'जालाची निःपक्षपातिता' म्हणू. २०१४ च्या डिसेंबरात एअरटेल कंपनीने इंटरनेटवरून बोलण्यासाठी निराळा आकार घेण्याचे जाहीर केले आणि लोकांचा क्षोभ पाहून ते तूर्त मागे घेतले. २७ मार्च २०१५ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ज्यास आपण 'ट्राय' म्हणून ओळखतो त्या संस्थेने, या विषयावर लोकांची मते मागविली. त्यासाठी प्रसिद्ध केलेला मसुदा ११८ पानांचा होता आणि त्याच्या अखेरीस २० प्रश्न होते. भाषा अर्थातच क्लिष्ट इंग्रजी. असा कागद पूर्वी कंपन्यांचे वकील वाचीत आणि तेच उत्तर देत.

या वेळी मात्र निराळे घडले. काही तरुण अभियंते, वकील आणि पत्रकार यांनी तो कागद वाचून त्याचा सोपा सारांश केला, प्रश्नांची उत्तरे तयार केली आणि ती कोणासही पाठविता यावीत अशी सोय केली. विनोदी कार्यक्रम करणाऱ्या मंडळींनी त्यावर चित्रफीत काढली. महिनाभरात दहा लाखांहून अधिक पत्रे प्राधिकरणाकडे गेली. याच सुमारास एअरटेलने 'एअरटेल झिरो' नावाची योजना आणली होती. तीत ज्या व्यापाऱ्याने कंपनीस पैसे भरले, त्याचे ॲप ग्राहकास फुकट दिसावयाचे. त्यात जाण्याच्या बेतात असलेल्या फ्लिपकार्टने १४ एप्रिल २०१५ रोजी माघार घेतली.

दुसरी बाजू फेसबुक कंपनीची. तिने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साह्याने फेब्रुवारी २०१५ मध्ये 'इंटरनेट डॉट ऑर्ग' ही योजना भारतात आणली. पुढे तिचेच नाव 'फ्री बेसिक्स' झाले. गोरगरिबांना काही निवडक संकेतस्थळे विनामूल्य पाहता यावीत, असा तिचा उद्देश सांगितला जाई. आत कोणती संकेतस्थळे असावीत, याच्या अटी ठरविणार फेसबुक. ९ डिसेंबर २०१५ रोजी प्राधिकरणाने पुन्हा मते मागविली. या खेपेस प्रश्न चारच होते. त्यावर फेसबुकने वर्तमानपत्रांतून पानपानभर जाहिराती दिल्या आणि आपल्याच संकेतस्थळावर येणाऱ्या भारतीयांपुढे एक तयार पत्र ठेवले. एक कळ दाबली की, पत्र प्राधिकरणाकडे रवाना. परंतु त्या पत्रात विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरेच नव्हती. प्राधिकरणाने फेसबुकला कडक शब्दांत पत्र लिहून, विचारविनिमयाचे रूपांतर एका घडवून आणलेल्या कौलात करण्याचा हा प्रकार आहे, असे सुनावले.

अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने नियम केला: मजकूर कोणता आहे हे पाहून कोणत्याही कंपनीने निरनिराळा दर लावू नये. नियम मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये आणि कमाल ५० लाख रुपये इतका दंड. संकटकाळातील सेवांना त्यातून सूट ठेवली. त्यानंतर थोड्याच दिवसांत फेसबुकने ही योजना भारतातून मागे घेतली. २०१८ च्या जुलैत केंद्र सरकारनेही निःपक्षपातितेचे तत्त्व स्वीकारले. अमेरिकेत मात्र हाच नियम २०१५ साली झाला, २०१७ साली रद्द झाला, २०२४ साली पुन्हा आला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तो पुन्हा पाडला. या बाबतीत आपला देश पुढे राहिला, याचा मला अभिमान वाटतो.

येथे कोणी विचारील, आणि विचारणे योग्यच आहे, की गरिबाला फुकट मिळत होते ते काढून घेण्यात कसला पराक्रम? ज्यास काहीच मिळत नाही, त्यास थोडे मिळाले तर बिघडले कोठे? फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी त्या वेळी वर्तमानपत्रात लेख लिहून ग्रंथालयाचा दाखला दिला होता. सार्वजनिक ग्रंथालयात जगातील सर्व पुस्तके नसतात, तरी त्याचा उपयोग होतोच, असा त्यांचा मुद्दा. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. उपाशी माणसापुढे तत्त्वज्ञान मांडू नये, हे मलाही मान्य आहे.

पण ग्रंथालयाचाच दाखला घ्यावयाचा, तर तो पुरता घ्यावा. आपल्या गावच्या वाचनालयाचे आपण वर्गणीदार असतो. त्याचे कार्यकारी मंडळ आपण निवडतो. पुस्तक नसेल तर मागणीवहीत लिहितो, हिशेब पटला नाही तर वार्षिक सभेत उभे राहून विचारतो. शिवाय वाचनालयाचा ग्रंथपाल स्वतः पुस्तकांचा प्रकाशक नसतो आणि कोणता वाचक कोणत्या पानावर किती वेळ थांबला, याची नोंद ठेवून ती जाहिरातदारांच्या उपयोगास लावीत नाही. या सर्व गोष्टी काढून घेतल्यावर जे उरते, त्यास ग्रंथालय म्हणता येईल काय? ते दुकानाचे दर्शनी कपाट होय. आणि गरिबास फुकट द्यावयाचेच असेल, तर ठरावीक संकेतस्थळांऐवजी ठरावीक प्रमाणात संपूर्ण इंटरनेट देता येते. मग काय पाहावे हे तो ठरवील. सवलत देणे वाईट नव्हे. वर्तमानपत्रांनाही टपालात सवलतीचा दर आहे. पण ती सवलत नियम पाळणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत पत्रास मिळते, पोस्टमास्तरांच्या आवडत्या पत्रास नव्हे.

या प्रकरणातून नागरिकांच्या सहभागाविषयी मला जे उमगले, ते सांगतो. दोन्ही बाजूंनी तयार पत्रे वापरली गेली, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. २०१५ साली दहा लाख लोकांनी ११८ पाने वाचली होती, असे मी म्हणणार नाही. मग फरक कशात? एक म्हणजे, त्या पत्रांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे होती आणि पाठविणारा ती बदलू शकत होता. दुसरे म्हणजे, ती पत्रे ज्यांनी तयार केली, त्यांच्या हाती लोकांचा घरोघरी पोचणारा कोणताही नळ नव्हता. फेसबुकच्या हाती तो होता आणि आपल्याच लाभाच्या वादात आपल्याच नळातून तिने आपले मत सोडले. गावच्या पाटलाने आपल्याच वाड्यात सभा बोलवावी, आपल्याच माणसांकरवी हात वर करवावेत आणि मग गावाचा कौल मिळाला म्हणून सांगावे, तसा तो प्रकार होता. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, प्राधिकरणाने डोकी मोजून निर्णय दिला नाही. कारणे देऊन दिला. लोकशाहीत संख्येला मान आहेच, पण प्रश्न समजून दिलेले एक उत्तर हे न वाचता दाबलेल्या हजार कळांहून मोलाचे ठरू शकते. आपल्या ज्ञातीत शिकलेल्या मुलामुलींची वाण नाही. त्यांनी हे ध्यानी धरावे.

याच प्रकरणात आणखी एक गोष्ट घडली, ती बहुतेक लोक विसरून गेले. २०१५ च्या एप्रिल अखेरीस प्राधिकरणाने लोकांकडून आलेली ती सारी पत्रे प्रसिद्ध केली, तेव्हा पाठविणाऱ्यांचे ईमेल पत्तेही तसेच उघड्यावर टाकले. दहा लाखांहून अधिक नागरिकांचे पत्ते एका दिवसात जगापुढे आले. हेतू वाईट नव्हता, पारदर्शकतेचा होता. पण माहिती एकदा बाहेर पडली की, ती परत आत घेता येत नाही. सांडलेले दूध निदान आपल्याच अंगणात राहते; हे तसे नव्हे.

विजयाचा हा इतिहास सांगताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. मार्गातील दरवान निःपक्षपाती झाला, म्हणून बाजारातील मक्तेदारी संपली नाही. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट इतके स्वस्त झाले की, 'गरिबास थोडे तरी फुकट' हा प्रश्नच मागे पडला. पण त्याबरोबर कितीतरी लहान दूरसंचार कंपन्या मिटल्या. फेसबुकने २०१२ साली इन्स्टाग्राम आणि २०१४ साली व्हॉट्सॲप विकत घेतले होते. २०२० च्या एप्रिलमध्ये तिने ४३,५७४ कोटी रुपये घालून जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ९.९९ टक्के वाटा घेतला. जी समोरच्या दाराने 'फ्री बेसिक्स' घेऊन आली होती, ती सोयरीक करून घरात आली, असे कोणी म्हटल्यास त्यास मी वेड्यात काढणार नाही. २०२१ च्या आरंभी व्हॉट्सॲपने आपल्या अटी बदलल्या आणि त्या पत्करा अशी सूचना घरोघरच्या फोनवर आली. त्या प्रकरणी भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी मेटाला, म्हणजे नाव बदललेल्या त्याच कंपनीला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. दंड किती हा मुद्दा गौण आहे. जी सेवा सोडणे आपणास अशक्य झाले आहे, तिच्या अटी आपण 'मान्य' केल्या या म्हणण्यास कितपत अर्थ उरतो, हा खरा मुद्दा होय. आपल्या ज्ञातीतील मयताची वार्ता, बारशाचे आमंत्रण, मंडळाच्या सभेची सूचना हे सर्व आज त्याच एका मार्गाने येते. ज्या वृद्ध सभासदांपाशी तो फोन नाही, त्यांना मयताचीही वार्ता दहाव्यानंतर कळते, अशी उदाहरणे याच सभागृहात बसली आहेत.

'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ महाराष्ट्राला कोणी शिकविण्याची गरज नाही. असलीच, तर त्याची आठवण देण्याची आहे. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला, की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या असाव्यात. तो संमत झाला. महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सर्व झाले. पण तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहस्रावधी अनुयायांसह तेथे गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा कोठे त्या ठरावास जीव आला. त्यानंतर विरोधकांनी न्यायालयात जो पवित्रा घेतला तो लक्षात घेण्याजोगा आहे. हे तळे सार्वजनिक नाहीच, ते खासगी आहे, असे ते म्हणाले. दहा वर्षे वाद चालून १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. ज्ञातीच्या व्यासपीठावर ही गोष्ट मी मुद्दाम सांगत आहे. ज्ञातिसंस्था म्हणून आपणास तिचा विसर पडता कामा नये, हे तर झालेच. शिवाय तिच्यात आजच्या प्रश्नाचे उत्तरही आहे. सर्वांच्या नित्य उपयोगाची गोष्ट 'आमची खासगी आहे, आमच्या अटी पाळा' असे कोणी म्हणू लागला, की ती वस्तू खरोखर कोणाची, हे विचारण्याचे धैर्य नागरिकाने दाखविले पाहिजे; आणि हक्क नियमात लिहिला गेला तरी तो बजावल्यावाचून मिळत नाही, हेही ओळखले पाहिजे.

आता आपल्या ठरावाकडे वळतो. आपल्या कुटुंबसूचीत काय असते? नाव, मूळ गाव, कुलदैवत, जन्मतारीख, शिक्षण, व्यवसाय, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, रक्तगट. वधूवर नोंदवहीत याशिवाय उंची, वर्ण, उत्पन्न, जन्मवेळ आणि छायाचित्र. शिष्यवृत्तीच्या अर्जात बापाचे कर्ज आणि आईचे आजारपण. ही माहिती आपल्या बांधवांनी मंडळाच्या चिटणीसाला दिली ती विश्वासाने. कोणा अनोळखी व्यापाऱ्याला दिलेली नाही. कोणत्या घरी दोन वर्षांत लग्न निघेल, कोणत्या घरास कर्जाची निकड आहे, कोणत्या वस्तीत कोणत्या ज्ञातीची किती मते आहेत, हे सर्व या वह्यांवरून काढता येते. लग्नाच्या बाजारास, सावकारास आणि निवडणुकीच्या दलालास तिचे किती मोल वाटेल, याचा विचार केला म्हणजे ॲप विनामूल्य का देऊ केले असावे, याचा तर्क करता येतो. या विशिष्ट कंपनीवर मी आरोप करीत नाही. तिने दिलेल्या कराराच्या मसुद्यात मात्र माहितीची मालकी कोणाची, ती दुसऱ्यास देता येईल काय आणि आपण सोडून गेलो तर ती पुसली जाईल काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मला सापडली नाहीत.

कायदा आपल्या बाजूस आहे, पण त्यावर विसंबून झोपता येत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्याच प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. 'आता आमचे वय झाले, आम्हास यातले काय कळते' असे म्हणणाऱ्या माझ्या समवयस्कांनी त्या ८६ वर्षांच्या गृहस्थांचे स्मरण करावे. पुढे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम आले. संमतीवाचून माहिती वापरू नये, हे त्याचे सूत्र आहे. याच कायद्याने माहितीच्या अधिकारातील एका कलमास कात्री लावून सरकारी कामाविषयी माहिती मागणाऱ्या नागरिकाची वाट अवघड केली, अशी टीका आहे आणि ती मला रास्त वाटते. खासगीपणा हे दुर्बळाचे कवच आहे; ते सत्ताधाऱ्याने आपल्या कपाटास लावावयाचे कुलूप नव्हे.

नुसता विरोध करून खाली बसणे मला प्रशस्त वाटत नाही, म्हणून चार सूचना करतो.

पहिली सूचना. सूची संगणकावर जरूर यावी, पण मंडळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर यावी. त्यासाठी लागणारा वार्षिक खर्च सभासद कुटुंबांत वाटला, तर तो एका चहाच्या कपापलीकडे जाणार नाही, असे आपल्याच तरुण अभियंत्यांनी मला हिशेब करून दाखविले आहे. ज्याचे मोल आपण देतो, त्याचा जाब आपणास विचारता येतो.

दुसरी. प्रत्येक कुटुंबास लेखी विचारावे की, कोणती माहिती छापावी आणि कोणती नाही. वधूवर नोंदवहीच्या बाबतीत ही संमती मुलीच्या वडिलांची पुरेशी मानू नये. ती मुलीची स्वतःची असावी. छायाचित्र तिचे आहे, नाव तिचे आहे आणि उद्या त्याचा गैरवापर झाला तर झळही तिलाच लागावयाची आहे. या सूचनेस काही वडीलधाऱ्यांचा विरोध होईल, हे मी जाणतो. तरीही ती मागे घेणार नाही.

तिसरी. मंडळाची कोणतीही महत्त्वाची सूचना केवळ व्हॉट्सॲपवर देऊ नये. ती संकेतस्थळावर असावी, कार्यालयाच्या फलकावर असावी आणि ज्यांनी मागितली आहे अशा वृद्ध सभासदांस टपालाने जावी. ज्यास कळले नाही, तो सभेस येत नाही. जो सभेस येत नाही, त्याचे मत आपण गमावतो.

चौथी. पाचसात तरुणतरुणींचा एक अभ्यासगट नेमावा. सरकार आणि प्राधिकरणे जे मसुदे लोकांच्या मतांसाठी प्रसिद्ध करतात, त्यांपैकी आपल्या जीवनाशी संबंध असलेले मसुदे त्यांनी वाचावेत, मराठीत दोन पानांचा सारांश करावा आणि मंडळाच्या मासिक बैठकीत तो वाचून दाखवावा. मग ज्यास वाटेल त्याने आपल्या नावाने, आपल्या शब्दांत उत्तर पाठवावे. दहा कुटुंबांनी असे केले, तरी ते कार्य एखाद्या सत्कारसमारंभाहून कमी मोलाचे नाही. आपल्या पूर्वजांनी वसतिगृहासाठी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली. त्या काळी शिक्षण मिळविणे हा पुरुषार्थ होता; मिळालेल्या शिक्षणाचा नागरिक म्हणून उपयोग करणे हा आजचा आहे.

यंत्रास मी शत्रू मानीत नाही. आयुष्यभर त्याच्याच अन्नावर माझा संसार चालला. परंतु यंत्र कोणाच्या हाती आहे, त्याची तार कोठून कोठे जाते आणि मध्ये कोण बसले आहे, हे पाहण्याची सवय त्याच यंत्राने मला लावली. सर्वसाधारण सभेत आपण जो निर्णय द्याल, तो मला शिरोधार्य राहील. तो देण्यापूर्वी कराराचा मसुदा प्रत्येकाने वाचावा, एवढीच माझी प्रार्थना आहे. त्याच्या मराठी प्रती कार्यालयात ठेवविल्या आहेत. त्या नऊ पानांच्या आहेत.